दोन हजार वार सूत: बेळगाव, हुदली, निपाणी

गुरुवार

बेळगावला आमचं जाणंयेणं नेहमीचंच. मावशी शहापूरला दिलेली, त्यामुळं भाऊबीज झाली की फराळाचे डबे घेऊन एक फेरी ठरलेली असते, कुंदा खायचा, लोळायचं आणि परत कोल्हापूर. यावेळी मात्र बाबांनी निघायच्या आधीच सांगून टाकलं की ह्या खेपेला गांधी बघायचे. म्हणजे १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं, गांधीजी उभ्या आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच आणि ते इथं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आपण टिळकवाडीतनं शेकडो वेळा गेलोय आणि ती जागा एकदाही उतरून बघितलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबा हायस्कूलला इतिहास शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण तास काही संपलेला नाही.

रस्त्याचं काम सगळीकडं चालू, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, तवंदी घाट चढेपर्यंत जीव नकोसा झाला. संकेश्वरच्या पुढं पिवळे-लाल झेंडे दिसायला लागले, एक नोव्हेंबर जवळ आला की दिसतातच. कर्नाटकचा राज्योत्सव. आणि बेळगावातल्या मराठी घरांत त्याच दिवशी काळा दिवस, बेळगाव महाराष्ट्रात न घातल्याचा निषेध म्हणून. एकाच तारखेला एका गल्लीत मिरवणूक आणि शेजारच्या गल्लीत दंडाला काळी फीत, हे मी लहानपणापासनं बघत आलेय, त्यामुळं त्यात काही विचित्र आहे हे बाहेरच्या कुणाला सांगायला लागलं की मगच जाणवतं.

मावशीच्या गल्लीत पोरांनी मातीचा किल्ला केलेला, वर महाराज, खाली मावळे, एका मावळ्याच्या शेजारी प्लास्टिकचा जेसीबी. जेवताना बाबांनी गांधींचं काढलं आणि काकांनी ताटावरनं मान वर केली. काकांचे पॉवरलूम आहेत, दोनच राहिलेत आता, पण बोलणं अजून मागावर बसल्यासारखं खटाखट.

"तुमच्या गांधींनीच तर घोळ करून ठेवलाय की ओ."

आता हे साडू-साडूंचं जुनं आहे, पण यावेळी मी नीट ऐकलं. काकांचा मुद्दा असा. लोक सीमाप्रश्नाचा दोष नेहरूंना देतात, १९५६ ला देतात, राज्यांची भाषावार फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली कमिशनला देतात, पण रेघ त्याच्या कितीतरी आधी मारली गेली होती. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये गांधींच्या पुढाकारानं काँग्रेसची नवी घटना झाली आणि प्रांतिक काँग्रेस कमिट्या भाषेप्रमाणं पाडल्या गेल्या. इंग्रजांच्या हिशेबात बेळगाव मुंबई इलाख्यात, पण काँग्रेसच्या हिशेबात ते कर्नाटक प्रांतिकमध्ये गेलं. जिल्हाच्या जिल्हा. शहरात मराठी किती, खानापुरात किती, निपाणीत किती, हे कुणी बघत बसलं नाही. मग १९५५ ला फाजल अली कमिशननं बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याला द्यायला सांगितलं आणि बाकी सगळं म्हैसूरला. पुढं ह्या सीमावादासाठीच नेमलेलं महाजन कमिशन, १९६७ चा रिपोर्ट, त्यात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलेलं पण बेळगाव नाही, ते महाराष्ट्रानं मान्य केलं नाही आणि २००४ पासनं प्रकरण सुप्रीम कोर्टात.

बाबांचं म्हणणं, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलल्याशिवाय लोक चळवळीत येणार कसे? इंग्रजीत भाषणं ठोकणाऱ्या वकिलांची काँग्रेस खेड्यात गेली ती ह्या भाषावार कमिट्यांमुळंच. हेही खरंच आहे. माझं विचाराल तर निर्णय बरोबर होता आणि त्याचं बिल बेळगावनं भरलं.

शुक्रवार

सकाळी टिळकवाडी. बेळगावकरांना पत्ता सांगायचा तर पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, म्हणजे रेल्वेची फाटकं, काँग्रेस रोड त्यांना धरूनच जातो. रोडला काँग्रेस नाव का पडलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. पक्षाचं ऑफिस असेल असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं.

आधी विहीर बघितली. अधिवेशनाला येणाऱ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून खास खणलेली, तिला नाव दिलेलं पंपासरोवर, आणि सगळ्या छावणीचं नाव विजयनगर. प्रवेशद्वार हंपीच्या गोपुरासारखं उभारलेलं. विहिरीला तेव्हा ४,३७० रुपये खर्च आला होता. काका कठड्याला टेकून म्हणाले, नावं बघा, पंपासरोवर, विजयनगर, तेव्हाच कळायला पाहिजे होतं आमच्या लोकांना.

शेजारी वीरसौध, म्हणजे अधिवेशनाचं स्मारक. आत फोटोच फोटो, पाट्या बहुतेक कन्नड, काका आम्हाला वाचून दाखवत होते. हे एक मला नेहमी गमतीचं वाटतं, सीमालढ्यात लाठ्या खाल्लेला हा माणूस कन्नड इतकं फर्डं बोलतो की समोरच्याला मराठी आहे हे कळत नाही. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, भाषेशी कुठं भांडण आहे, भांडण गॅझेटशी आहे.

फोटोत मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, सरोजिनी नायडू, मौलाना महंमद अली, लजपतराय, सगळे बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत. आणि मध्ये गांधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत जेलमधनं सुटलेले, सप्टेंबरात कोहाटच्या दंगलीनंतर दिल्लीत एकवीस दिवसांचा उपास केलेले. काँग्रेस तेव्हा दोन तुकड्यांत होती, कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या कायदेमंडळात, जायचं म्हणणारे दास-मोतीलालांचे स्वराज्यवाले एकीकडं आणि नाही म्हणणारे दुसरीकडं, आणि गांधी आले ते ही फाटलेली संघटना शिवायला. बेळगावात कौन्सिलवाल्यांना मोकळीक मिळाली आणि बदल्यात गांधींनी आपली एक गोष्ट पदरात पाडून घेतली. काँग्रेसचा सभासद व्हायचं तर चार आणे वर्गणी बंद, त्याऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत. स्वतः कातलेलं, किंवा ज्याला कातायचं नसेल त्यानं दुसऱ्याकडनं कातून घेतलेलं.

काका हसले. "दुसऱ्याकडनं कातून घेतलेलं. म्हणजे वकीलसाहेबांचं सूत मोलकरणीनं कातायचं."

बाबा गप्प. त्यांना ही अट अधिवेशनाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, बोलणाऱ्यांच्या पक्षाला हातानं काम करायला लावणारी. पण किती टिकली? पुढच्याच वर्षी सप्टेंबरात पाटण्याला ती ढिली झाली, पैसे किंवा सूत, जे पाहिजे ते द्या. वर्षसुद्धा धड निघालं नाही. हे बाबांनीच सांगितलं, इतिहासाच्या मास्तरला लपवता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासनं आवडली. गांधींसाठी साधी झोपडी बांधायचं ठरलेलं, प्रत्यक्षात बांबूचं आणि खादीचं असं काही देखणं उभं राहिलं की ते कुरकुरले, हा तर खादीचा महाल झाला. आणि सफाईचं काम होतं गांधींचे सहकारी काका कालेलकर यांच्याकडं, त्यांच्या हाताखाली ब्राह्मण स्वयंसेवकांनी संडास साफ केले. १९२४ ला, बेळगावात. टिळकांना मानणाऱ्या, सोवळंओवळं सांभाळणाऱ्या गावात हे बघून कितीजणांनी नाकाला पदर लावला असेल याची कल्पना करा.

आणि मग तो मंडप. अधिवेशनाच्याच मंडपात कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली, सिद्दप्पा कंबळी अध्यक्ष. अधिवेशनात कन्नड नाडू उदयाला येवो अशा अर्थाचं गाणं गायलं गेलं आणि गाणाऱ्या मुलींमध्ये होती गंगूबाई हनगल, तेव्हा अकरा वर्षांची. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याचं आणि एका राज्याच्या जन्माचं अशी दोन्ही कामं एकाच कापडाखाली चाललेली. काका ते वाचून बराच वेळ तिथंच उभे. मग म्हणाले, "गाणं भारी असणार, गंगूबाई म्हटल्यावर." एवढंच.

दुपारी कॅम्पात कुंदा घेतला, संध्याकाळी पाऊस आला, कुठंही गेलो नाही.

शनिवार

हुदली. सांबऱ्याचं विमानतळ, मग सुळेभावी, मग हुदली, रस्ता बरा होता, दोन्ही बाजूला ऊस आणि मधेच सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं. हे गंगाधरराव देशपांडे यांचं गाव, ज्यांनी ते बेळगावचं अधिवेशन अंगावर घेऊन पार पाडलं. आधी टिळकांचे माणूस, १९१६ ला टिळकांनी होमरूल लीग बेळगावातच काढली तेव्हाही हे होतेच, पुढं पक्के गांधींचे. कर्नाटक सिंह म्हणतात त्यांना. आणि ह्या कर्नाटक सिंहानं आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. काकांना हे माहीत होतं, तरी मी म्हटल्यावर त्यांनी एक बोट वर केलं, कोर्टात पुरावा ठेवल्यासारखं. पण हा पुरावा नेमका कुणाच्या बाजूचा ते काही ठरेना. त्या पिढीला मराठीत लिहून कर्नाटकाचा पुढारी होता येत होतं, आज ते दोन्हीकडच्यांना पचणार नाही.

गांधी इथं १९३७ च्या एप्रिलात येऊन राहिले होते, गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी. उन्हाळा, खेडं, आणि नुकत्याच निवडणुका झालेल्या, मंत्रिपदं घ्यायची का नाही यावर देशभर खल चाललेला. बड्या शहरात भरवायची बैठक ह्या गावात का, तर खादीचं काम होतं म्हणून.

ते काम आजही चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा बायका अंबर चरख्यावर होत्या. अंबर चरखा म्हणजे फोटोतला गांधींचा चरखा नव्हे, ही एक लोखंडी चौकट, आठ चात्या ओळीनं, वरनं बॉबिनवरचे कापसाचे जाड दोर खाली येतात, हातानं चाक फिरवलं की ते ताणले जाऊन पीळ बसून सूत होतं. एका बाईंचा उजवा हात चाकावर आणि डावा हात तुटलेला धागा सांधायला, धागा तुटला की चाक न थांबवता नुसत्या दोन बोटांनी वरच्या दोराला टेकवायचा, लागला. मला दिसायच्या आधी त्यांना तुटल्याचं कळत होतं. मजुरी गुंडीवर. गुंडी म्हणजे हजार मीटर.

मी मनातल्या मनात हिशेब केला, दोन हजार वार म्हणजे दोन गुंड्यांना थोडं कमी. काकांनी कन्नडमधनं त्यांना विचारलं, एवढं सूत काढायला किती वेळ लागतो, पूर्वी काँग्रेसवाल्यांना महिन्याला एवढं द्यायला लागायचं म्हणून सांगितलं. त्या बाई शेजारणीकडं बघून असं काही हसल्या. काकांनी मराठी केलं: "महिन्याला? हे तर सकाळचा चहा पिऊन कप ठेवायच्या आत होतंय म्हणतात." साध्या चरख्यावर दिवस मोडला असता हे खरं, पण तरीही.

काकांनी सूत दोन बोटांत धरून थोडं उलगडलं, ओढून बघितलं, उजेडात धरलं. आयुष्यभर सुताशीच व्यवहार. "पीळ बरा बसलाय," म्हणाले. मग बाहेर आल्यावर माझ्याशी, "पण आमचे माग ह्यांनीच बसवले असं नको समजू. आमचं मिलच्या सुतावर चालतंय, पहिल्यापासनं." शहापूर-वडगावचे विणकर गांधींचं नाव घेतात पण खादी विणत नाहीत, पोट कशावर भरतंय हे त्यांना माहिताय. आम्ही लोणचं घेतलं, टॉवेल घेतले, बाबांनी सदऱ्याचं कापड घेतलं.

परत येताना वळसा घालून हायवेवरनं सुवर्ण विधानसौध बघत आलो. २०१२ ला उघडलं, वर्षातनं एकदा कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनापुरती गजबज, बाकी एवढी मोठी पांढरी इमारत नुसती पहाऱ्याला बसल्यासारखी. बेळगाव आमचं आहे हे सांगायलाच ती बांधलीय, ह्यात लपवाछपवी कुणीच करत नाही. तिथं जानेवारी २०२५ मध्ये गांधींचा पुतळा बसवला, शताब्दीनिमित्त, आणि त्याच दिवशी शहरात काँग्रेसची जय बापू, जय भीम, जय संविधान अशी सभा झाली. काका गाडीतनं उतरले नाहीत. गांधी चालेल, पण त्या आवारातला नको.

रात्री जेवताना मावशीनंच विषय काढला, बाबांना म्हणाली, "भाऊजी, तुमचं घर तर त्यांच्यापायीच जळालं. तुम्हाला कसं काय एवढं?" आमचं गाव कागलच्या पलीकडं. ४८ ला गांधींच्या खुनानंतर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं ब्राह्मणांची घरं पेटवली गेली त्यात आजोबांचं घर गेलं. बाबांचा जन्म त्यानंतरचा, ते वाढले ते भाड्याच्या दोन खोल्यांत. आमच्या घरात ह्याच्यावर बोलत नाहीत. माझी आत्या अजून गांधींचं नाव आलं की उठून जाते.

बाबा म्हणाले, आजोबांनी नंतर कधी गांधींना नाव ठेवलं नाही, पण फोटोही लावला नाही. आणि ज्यांनी पेटवलं त्यातले दोघंतिघं नंतर घरी येऊन जायचे, आजोबा त्यांना चहा द्यायचे, आजी आत निघून जायची. "चहा द्यायचे ते गांधींमुळं का गावात राहायचं होतं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही." मावशीनं त्यांना आणखी भात वाढला. कोल्हापूरकडं गांधींवर बोलणं का अवघड आहे हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर मी म्हणेन आधी ही ४८ ची जाळपोळ समजून घ्या, पुस्तकातले गांधी नंतर.

रविवार

निघताना मावशीनं दिलेलं सामान आम्ही नेलेल्या फराळाच्या दुप्पट, ते एक असतंच.

निपाणीला थांबायचं हे मी ठरवलेलं. निपाणी म्हणजे तंबाखू, गावात शिरलं की वखारींचा तो उग्र गोडसर वास, लहानपणी मला त्यानं शिंका यायच्या. गांधी इथंही आले होते, १९२७ च्या मार्चमध्ये, कोल्हापुरात रक्तदाब वाढून कोसळले तरी दौरा चालूच, निपाणीत आल्यावर डॉक्टरांनी सक्तीनं थांबवलं, मग आंबोलीला विश्रांतीला नेलं.

पण मला निपाणी वेगळ्या कारणासाठी बघायची होती. १९२५ च्या एप्रिलमध्ये इथं मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर आले होते, वय चौतीसच्या आसपास, विलायतेहून परतून दोन वर्षं झालेली, महाड अजून व्हायचं होतं. म्हणजे बेळगावच्या अधिवेशनानंतर जेमतेम चार महिने, त्याच जिल्ह्यात. त्या परिषदेत ते गांधींबद्दल बोलले आणि आपल्याला वाटतं तसे तुटून नाही पडले. सामाजिक अन्याय काढल्याशिवाय गत्यंतर नाही हे राजकारणातल्या माणसानं म्हणणं ही गांधींच्या आधी नव्हती अशी गोष्ट आहे, हे त्यांनी मान्य केलं. सगळे झिडकारत असताना ही सहानुभूतीही थोडी नव्हे, असंही. आणि मग खुंटा हलवला. गांधी खादीवर जेवढा जोर देतात, हिंदू-मुसलमान ऐक्यावर देतात, तेवढा अस्पृश्यता निवारणावर देत नाहीत. दिला असता तर काँग्रेसमध्ये मत द्यायचा हक्क मिळायला अस्पृश्यता न पाळण्याचीच अट घातली असती.

चार महिन्यांपूर्वी साठ-सत्तर किलोमीटरवर सुताची अट घातली गेलेली, त्यावर हे आहे. मला हे वाचल्यापासनं टिळकवाडीची ती विहीर, तो मंडप, सगळं थोडं तिरकं दिसायला लागलंय.

बसस्टँडजवळ चहा घेताना बाबांशी वाद झाला, मोठ्यानंच झाला, शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. बाबा म्हणाले सूत वारात मोजता येतं, अस्पृश्यता पाळत नाही हे कसं मोजणार? सगळ्यांनी खोट्या सह्या केल्या असत्या. मी म्हटलं आंबेडकरांनी त्याचंही उत्तर दिलेलं आहे, १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला मणिभवनात ते गांधींना भेटले तेव्हा तोंडावर सांगितलं, ज्याच्या घरात अस्पृश्य माणूस कामाला नाही, किंवा जो अस्पृश्य विद्यार्थी सांभाळत नाही, निदान आठवड्यातनं एकदा त्याला घरी जेवायला घेत नाही, त्याला काँग्रेसचा सभासद करू नका. मोजता येतं की. वारापेक्षा सोपं आहे, ताटं मोजायची.

"मग काँग्रेस रिकामी झाली असती," बाबा म्हणाले.

"सुतानंही माणसं गळालीच की. ती चालली."

त्यावर त्यांनी कालेलकरांचे स्वयंसेवक काढले, पुढं १९३३-३४ ला गांधी ह्याच एका कामासाठी देशभर फिरले ते काढलं, आणि ते खोटं नाही, मंदिरं उघडली, सनातन्यांनी पुण्यात त्यांच्या ताफ्यावर बॉम्ब टाकला. पण ते पुणे कराराच्या नंतरचं. १९२४ ला बेळगावात त्यांच्या हातात अध्यक्षपद होतं, अट घालायची ताकद होती आणि ती त्यांनी घातलीही, फक्त सुताची. संडास साफ करणारे ब्राह्मण स्वयंसेवक हे उदाहरण झालं, नियम नाही झाला. उदाहरण बघून माणसं वाहवा करतात आणि घरी जातात. बाबांसारखा माणूस, ज्याच्या वर्गात मी स्वतः पहिल्या बाकावर कोण बसतं ते बघितलंय, तो गांधींमुळं तसा झाला हे मला मान्य आहे. पण आमच्या गावातली पाण्याची विहीर काही गांधींमुळं सगळ्यांना खुली झाली नाही, त्याला संविधान आणि अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा लागला, आणि तरी वेळ गेला. हे मी बोलून गेले आणि बाबांनी चहा संपवून पैसे दिले.

कोगनोळीच्या टोलला भली मोठी रांग. बाबांनी तेवढ्यात काकांना फोन लावला आणि मणिभवनची सगळी हकिकत त्यांना सांगितली, माझं नाव न घेता, स्वतःचाच मुद्दा असल्यासारखी. फोन स्पीकरवर होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे ओ, बरोबरच बोलले असणार आंबेडकर. तुम्ही एक तारखेला येताय का फेरीला, ते सांगा."